दोन कुरणे

बर्फ आम्हाला प्रथम भेटला तो गोळेवाल्याच्या गाडीवर, लाकडाच्या भुशात गुंडाळलेल्या लादीच्या रूपाने. हिम मात्र पुस्तकात राहत असे. आमच्यापैकी एकाने तीस वर्षे मराठी शिकवले, दुसरीने संस्कृत. ‘कुमारसंभवा’च्या आरंभीचे हिमालयवर्णन तिने किती वर्गांना समजावून दिले असेल, त्याचा हिशेब नाही. पण हातावर हिम कधी पडलेले नव्हते. निवृत्तीच्या वर्षी, म्हणजे २०२२च्या डिसेंबरात, हे व्यंग दूर करावे असे ठरले. गुडघे अजून ऐकत होते. स्कीइंगचे प्राथमिक धडे घ्यावेत, निदान दोनदा सन्मानाने पडावे, एवढीच महत्त्वाकांक्षा होती.

प्रश्न होता तो कोठे जावे याचा. गुलमर्ग की औली? सवयीने आम्ही कागदावर दोन रकाने आखले. गुलमर्ग सुमारे २,६५० मीटर उंचीवर, श्रीनगरहून ५० किलोमीटर. १९९८ मध्ये गंडोलाचा पहिला टप्पा सुरू झाला आणि २००५ मध्ये दुसरा, जो थेट अफरवतच्या अंगावर, जवळजवळ ४,००० मीटरपर्यंत नेतो. औलीचे उतार साधारण २,५०० ते ३,००० मीटरच्या दरम्यान. डेहराडूनपासून मोटारीने एक पूर्ण दिवस, मग जोशीमठ, तेथून सुमारे चार किलोमीटरचा रज्जुमार्ग आणि समोर नंदादेवी. खर्च, प्रवास, गर्दी, नवशिक्यांची सोय, अशा ओळी भरत गेल्या आणि औलीचे पारडे जड झाले. खरे कारण मात्र कोणत्याच ओळीत नव्हते. काश्मीर म्हटल्यावर मुलीच्या आवाजात जो थांबा येई, त्याला आम्ही ‘प्रवासाची दगदग’ असे नाव दिले होते.

औलीतील एका लहानशा निवासात फेब्रुवारीची खोली ठरवली आणि पाच हजार रुपये आगाऊ पाठवले.

जानेवारी २०२३च्या पहिल्याच आठवड्यात जोशीमठ वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर आले. जमीन खचत होती, भिंतींना तडे जात होते. बघता बघता तडे गेलेल्या घरांची संख्या आठशेच्या वर गेली. राहण्यास अयोग्य ठरलेल्या घरांवर लाल रंगाच्या फुल्या मारल्या गेल्या. रज्जुमार्ग बंद झाला. हे गाव खडकावर नव्हे, तर जुन्या दरडीच्या राडारोड्यावर वसले आहे आणि तेथे अवजड बांधकामे करू नयेत, असे मिश्रा समितीने १९७६ मध्येच लिहून ठेवले होते. समितीचा अहवाल हाही एक ग्रंथप्रकारच. आमच्या व्यवसायात न वाचलेल्या ग्रंथांचे नवल नसते. पण न वाचल्याने घरे पडतात असा ग्रंथ आमच्या पाहण्यात नव्हता.

निवासाच्या मालकांचा फोन आला. औली खचलेले नाही, रस्ता चालू आहे, आपण अवश्य यावे, असे ते आर्जवाने म्हणाले. बोलता बोलता कळले, की त्यांचे राहते घर जोशीमठात होते आणि त्यावर फुली पडली होती. बायकोमुले नातलगांकडे गेली होती. आम्ही म्हणालो, “अशा वेळी तेथे मौजेसाठी येणे आमच्या मनाला पटत नाही.” क्षणभर थांबून ते म्हणाले, “तुम्ही आला नाहीत तर आम्हाला काय मिळेल, गुरुजी?” आम्ही रद्दच केले. दोन दिवसांत पाचही हजार परत आले, एक रुपयाही न कापता. आणि आम्ही ते घेतले.

त्या वेळी याला आम्ही विवेक म्हणत होतो. आज वाटते, भीतीला शब्द देण्याचे आमचे कसब त्याही वेळी कामी आले. विवेकच असता, तर न जाताही ते पैसे तेथेच राहू दिले असते.

पुढच्या हिवाळ्यात, जानेवारी २०२४च्या मध्यावर, आम्ही गुलमर्गला गेलो. मुलीचा थांबा या वेळी ऐकून घेतला आणि पुढे निघालो. चिल्लई कलान, म्हणजे काश्मीरच्या हिवाळ्यातले सर्वांत कडक चाळीस दिवस चालू होते. पण बर्फ नव्हता. गोल्फच्या मैदानावर नजर जाईल तेथवर पिवळट, वाळलेले गवत. भाड्याच्या स्की भिंतीला टेकवून ठेवलेल्या. स्लेज ओढणारे कांगड्या घेऊन उन्हात बसले होते.

त्यांच्यातील एका वयस्कर गृहस्थांना आम्ही सहानुभूतीने म्हणालो, की यंदा आपला हंगाम बुडाला. ते हसले. हिंदीत म्हणाले, हंगाम तर बुडालाच, पण खरी काळजी उन्हाळ्याची आहे. खाली सफरचंदाच्या बागा आहेत, झरे आहेत, त्यांना पाणी याच बर्फाचे. पर्यटक काय, दुसरीकडे जाईल. त्यात टोमणा नव्हता, म्हणूनच तो लागला. दुसरीकडे जाणे ही कला आम्हाला चांगली साधली होती.

‘मर्ग’ म्हणजे कुरण, हेही त्यांनीच सांगितले. मराठी कानाला त्यात ‘मार्ग’ ऐकू येतो आणि आम्ही इतकी वर्षे तो तसाच ऐकत आलो. औलीही मुळात बुग्याल. गढवालीत बुग्याल म्हणजे उंचावरचे कुरणच. तेथे राहणाऱ्यांनी दोन्ही ठिकाणांची ओळख गवतावरून ठेवली. बर्फ त्यांच्या लेखी पाहुणा, येऊन पाणी देऊन जाणारा. आम्ही त्या पाहुण्यालाच घरमालक समजून दोन रकाने आखले होते.

त्या कागदावर आठ-दहा ओळी होत्या. त्यात ‘जमीन’ अशी ओळ नव्हती, कारण ती असतेच. ‘बर्फ’ अशीही नव्हती, कारण तो पडतोच. आणि ‘तेथे राहणारी माणसे’ ही ओळ आम्हाला सुचलीच नव्हती. तिचे कारण देणे अधिक अवघड आहे.

तीन दिवस आम्ही त्या गवतावर हिंडलो. हिमाचे वर्णन आजही आम्हाला पुस्तकातूनच करता येईल. परतल्यावर त्या पाच हजारांचा विषय घरात निघाला. एकाचे म्हणणे, आता पाठवले तर ते दान होईल आणि त्यांना अपमान वाटेल. दुसरीचे म्हणणे, हाही एक सुबक शब्दच. शेवटी पैसे न पाठवता आम्ही फोन केला आणि खोली ठरवली, मे महिन्यातली. त्यांनी दोनदा विचारले, “तेव्हा बर्फ नसतो, नुसते गवत असते, चालेल ना?”

आम्ही चालेल म्हणालो.