जाड तार

दिवाळीच्या पहिल्या पहाटे पाणी तापवायला हीटर लावला, की आमच्या जुन्या घरातला फ्यूज हमखास उडे. एके वर्षी मी वैतागून त्यात चांगली जाड तांब्याची तार बसवली. फ्यूज पुन्हा उडाला नाही. सौ.ने माझे कौतुक केले. भिंतीतून रबर जळाल्याचा वास येऊ लागला, तेव्हा तिनेच ते परत घेतले.

गंमत अशी, की पोटासाठी मी कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम लिहीत असे आणि तिथेही जाड तारच बसवत होतो. प्रोग्रॅम चालू असताना पावलोपावली तपासणी करता येते. बारा खणांच्या कपाटात कोणी तेरावा खण मागत नाही ना? मागितलाच, तर काम तिथेच थांबते. तपासणी नसेल तर यंत्र बिनदिक्कत शेजारच्या कपाटात हात घालते! पण तपासणीला वेळ लागतो. म्हणून चाचणीपुरती ती चालू ठेवायची आणि खरे काम सुरू झाले की बंद करायची, अशी आमची रीत.

1991 साली एका कारखान्याच्या पगाराचा प्रोग्रॅम मी पास्कल भाषेत लिहिला. बारा महिन्यांचे बारा खण केले. बोनसला तेरावा लागेल हे ध्यानातच आले नाही. चाचणीत बोनसचा प्रसंग आलाच नव्हता. दिवाळीला तो आला, तेरावा खण शोधत निघाला आणि शेजारी कर्जाच्या कपातीचा आकडा होता त्या जागी जाऊन बसला. चिठ्ठ्या सगळ्यांच्याच चुकल्या. पण पहिला आला तो रात्रपाळीचा पहारेकरी. चिठ्ठी पुढे धरून म्हणाला, "साहेब, बोनस दिलात की घेतलात?" पोरांचे कपडे घ्यायचे होते त्याला. दुरुस्त पगार हाती पडेपर्यंत भाऊबीज उलटून गेली.

तेव्हापासून माझे मत ठाम आहे. ही तपासणी यंत्राच्या अंगातच हवी. घाईत असलेल्या माणसाच्या मर्जीवर नको. कल्पना नवी नाही. 1961 च्या बरोज बी 5000 या यंत्राला प्रत्येक कपाटात खण किती हे ठाऊक असे आणि मर्यादा ते स्वतःच पाही. पुढे ही सोय मागे पडली. केंब्रिज विद्यापीठाच्या चेरी प्रकल्पाने तीच वाट पुन्हा धरली. त्यावर बेतलेले आर्म कंपनीचे मोरेलो हे प्रायोगिक यंत्र 2022 साली संशोधकांच्या हाती आले. यंत्र थोडे महाग पडेल म्हणतात. पडू दे.

मात्र फ्यूज उडाला म्हणजे सगळे भागले, असेही नाही. 4 जून 1996 रोजी एरियान 5 हा अग्निबाण उड्डाणानंतर सुमारे 40 सेकंदांत नष्ट झाला. एक आकडा 16 बिटांच्या जागेत मावेना. चूक तत्क्षणी ओळखली गेली. पण चूक दिसली की यंत्र बंद करायचे, एवढेच लिहून ठेवले होते. दिशा सांगणारा कॉम्प्युटर सरळ बंद पडला. जोडीला ठेवलेला दुसरा तर त्याच्याही आधी, कारण त्यातही तोच प्रोग्रॅम! प्रोसेसरवर भार नको म्हणून अशा सात आकड्यांपैकी तिघांना संरक्षण दिलेच नव्हते. हे वाचताना मला तो रबराचा वास आला.

आता घरी एमसीबी आहे. गेल्या दिवाळीत भल्या पहाटे तो खटकन पडला. मी अंधारात चाचपडत उठलो, तशी सौ. म्हणाली, "अहो, तुम्ही हात लावू नका. मी आधी हीटर बंद करते."