दिवे घाट चढणारी म्हातारी पावले

पुण्याहून सासवडला निघाले, की हडपसर मागे पडते आणि थोड्या वेळाने वडकी गाव लागते. तोवर रस्ता सपाट. वडकी सोडली, की समोर डोंगर आडवा येतो आणि रस्ता वळणे घेत त्याच्या अंगावर चढू लागतो. हाच दिवे घाट. चारेक किलोमीटरची ही चढण. मध्यावर थांबून मागे पाहिले, तर खाली मस्तानी तलाव दिसतो आणि त्यापलीकडे पुण्याकडची सारी सपाटी पसरलेली असते.

एरवी हा घाट एस. टी., मोटारी आणि मालट्रक यांचा. पण ज्येष्ठ वद्यात एक दिवस तो पायी चालणाऱ्यांचा होतो. आळंदीहून निघालेली ज्ञानेश्वर महाराजांची पालखी त्या दिवशी पुण्याहून सासवडला येते. ही मजल सुमारे ३० किलोमीटरची, सगळ्या वाटेतली सर्वांत लांब, आणि अंग थकल्यावर समोर हा घाट. त्यातून त्या दिवशी बहुधा एकादशी. पोटात उपासाचे चार घास. ज्यांच्या घरचे कोणी वारीला जाते, त्यांना हे सांगायला नको.

त्या दिवशी घाटाच्या कडेला उभे राहावे आणि फक्त वयस्क माणसांची पावले पाहावीत. साठी ओलांडलेले, सत्तरी ओलांडलेले कितीतरी जण चढत असतात. धोतर वर खोचलेले आबा, डोक्यावर तुळस सावरणाऱ्या आजी. डोक्यावर तुळस घेतली, की मान ताठ ठेवावी लागते, पाठ सरळ राहते आणि तोल आपोआप सांभाळला जातो. अशाच एका आजींना वाटेतल्या पोराने विचारले, "माउली, दमलात. गाडीत बसवून देऊ का?" त्या म्हणाल्या, "नको रे बाबा. आज बसले, तर उद्या उठायची नाही."

आपण म्हणतो, ही सारी विठ्ठलाची ओढ. ओढ आहेच. पण नुसत्या ओढीने गुडघे चालत नाहीत. वारीची रचना नीट पाहिली, तर उतारवयातल्या माणसाने कसे चालावे, याचे शहाणपण तिच्यात भरलेले दिसते.

पहिले शहाणपण मजलीचे. आळंदीहून पालखी पुण्यात येते आणि तिथे दोन मुक्काम करते. म्हणजे मध्ये एक पुरा दिवस विसावा. मग ही मोठी मजल. सासवडला सोपानदेवांच्या समाधीच्या गावी पुन्हा दोन मुक्काम. तिथून जेजुरी १६-१७ किलोमीटर आणि पुढे वाल्हे त्याहूनही जवळ. जड दिवसाच्या आधी विसावा, नंतर विसावा, आणि मग हलकी मजल. नवे खोंड औताला धरताना आपणही हेच करतो. पहिल्याच दिवशी त्याला दिवसभर जुंपत नाही.

दुसरे शहाणपण वेळेचे आणि ओझ्याचे. पहाटे कर्ण्याचे तीन इशारे होतात. पहिल्याला सामान आवरायचे, दुसऱ्याला दिंडीत उभे राहायचे, तिसऱ्याला चालू लागायचे. बरीच वाट उन्हाच्या आत कापली जाते. अंथरूण-पांघरूण दिंडीच्या ट्रकमध्ये जाते. वाटेत न्याहारीला आणि जेवणाला थांबे ठरलेले असतात.

तिसरे सोबतीचे. टाळाच्या ठेक्यावर पाऊल पडते आणि मागचा पुढच्याची चाल धरतो. डॉक्टर मंडळी चालीचे सोपे माप सांगतात. चालताना बोलता आले पाहिजे. बोलवेना इतका दम लागला, तर चाल कमी करावी. वारकरी तर गातच चालतो. त्यामुळे त्याची चाल सहसा दमाबाहेर जात नाही.

आणि चौथे. या घाटाच्या पायथ्याशी पालखीच्या रथाला जादा बैलजोड्या जुंपतात. त्यात रथाला कमीपणा नाही. मग चढावर काठी घेतली किंवा लेकाच्या खांद्यावर हात ठेवला, तर माणसाला कसला कमीपणा?

पण वारी सुमारे तीन आठवड्यांची. उरलेल्या वर्षाचे काय? घरी आल्यावर लेक म्हणतो, "आबा, पुष्कळ केलेत. आता ओट्यावर बसा." सून पाण्याचा तांब्या जागेवर आणून देते. हे सारे मायेनेच होते. आता शेतावर जायचे, तरी नातू मोटारसायकलवर सोडतो. पण वय वाढले, की मांडी-पोटरीचे मांस झडू लागते, आणि बसून राहिले तर ते अधिक लवकर झडते. मग एखादे दिवशी मोरीत पाय घसरतो, तोल सावरत नाही, खुब्याचे हाड मोडते. माणूस अंथरुणाला खिळतो आणि साऱ्या घराची घडी विस्कटते.

२०२० आणि २०२१ साली करोनामुळे नेहमीची पायी वारी झाली नाही. पादुका एस. टी. ने पंढरपूरला नेल्या. ज्यांचे चालणे वारीपुरतेच होते, त्यांचे तेवढेही थांबले. ज्यांना रोज वेशीपर्यंत जाऊन यायची सवय होती, त्यांना निदान ती वाट तरी जवळची राहिली.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली पासष्टीपुढच्या माणसांसाठी माप सांगितले आहे. आठवड्याला निदान १५० मिनिटे बऱ्यापैकी वेगाने चालण्यासारखा व्यायाम, दोन दिवस ताकदीचा आणि तीन दिवस तोल सांभाळण्याचा. ज्यांना एवढे जमत नाही, त्यांनी झेपेल तेवढे करावे. काहीच न करण्यापेक्षा थोडे बरे.

याला पैसा लागत नाही. रोज सकाळी किंवा दिवस कलताना वीस-पंचवीस मिनिटे चालावे, शेजारच्या कोणाला तरी बरोबर घ्यावे. भिंतीला टेकवलेल्या पक्क्या खुर्चीवरून हात न टेकता उठावे आणि बसावे. पाच वेळांपासून सुरू करून दहापर्यंत न्यावे. खांबाला हात धरून एका पायावर दहा आकडे मोजेपर्यंत उभे राहावे, मग दुसऱ्या पायावर. खुरपणी-निंदणी करणाऱ्या बायकांनीही हे करावे. दिवसभर वाकून काम होते, पण त्यात तोलाचा सराव होत नाही.

मात्र छातीत दुखले, भोवळ आली, किंवा नेहमीपेक्षा फार धाप लागली, तर तिथेच थांबून लगेच डॉक्टरांकडे जावे. ब्लडप्रेशर किंवा हृदयाचे दुखणे असेल, तर सुरू करण्यापूर्वी त्यांना विचारावे. साखरेचा आजार असणाऱ्यांनी अनवाणी चालू नये आणि रोज रात्री तळपाय पाहावेत. पायाला बधिरपणा असला, की काटा रुतलेलाही कळत नाही.

आणि घरातल्या तरुण मंडळींनी एवढे करावे. आजी-आबांच्या हातची झेपतील ती कामे काढून घेऊ नयेत. गोठ्यात जाणे, भाजी आणणे, नातवाला शाळेत पोचवणे त्यांचे त्यांच्याकडे राहू द्यावे. मोरीतले शेवाळ घासून काढावे, उंबऱ्यापाशी दिवा लावावा. ज्यांना पुढल्या वारीला जायचे आहे, त्यांनी चैत्रातच चालायला लागावे. आधी देवळापर्यंत, मग वेशीपर्यंत, मग शेजारच्या गावापर्यंत. दर आठवड्याला थोडी वाट वाढवावी आणि आठवड्यातून एक दिवस विसावा घ्यावा. एवढे केले, तर ज्येष्ठात वडकी मागे टाकून घाटाला लागताना पाय ओळखीचे वाटतील.