नवाचा ताळा

सांगलीच्या गणपती पेठेतील एका जुन्या अडत पेढीवर गेल्या दिवाळीपूर्वी दीडेक महिना एक वही उघडीच असे. ती हिशेबाची नव्हती. तिच्या रकान्यांत हळदीच्या पोत्यांऐवजी मदरबोर्डांची नावे होती. त्यांच्यापुढे पोर्ट किती, मेमरी कोणती चालते, वीज किती खातो अशा नोंदी. लिहिणारी होती घरातली थोरली सूनबाई. वाणिज्य शाखेची पदवी घेऊन ती या घरात आली आणि संगणकाचे जे काही शिकली ते पेढीचे टॅली सांभाळता सांभाळता.

या खटाटोपाचे मूळ २०१९ च्या ऑगस्टात होते. कृष्णेचे पाणी पेठेत शिरले, तेव्हा माणसे आणि जमेल तेवढा माल माडीवर गेला; गल्ल्याशेजारचा संगणक खालीच राहिला. रोजचा बॅकअप घेतलेली हार्ड डिस्क त्याच टेबलाच्या खणात होती. ती तिथे तिनेच ठेवलेली होती. घरात कोणी तिला एका शब्दानेही बोलले नाही, आणि तेच तिला अधिक लागले.

टॅलीचे आकडे हिशेबतपासनिसांकडील प्रतीवरून उभे राहिले. लग्नकार्यांची छायाचित्रे नातेवाइकांकडून थोडीफार परत मिळाली. राहिले ते आक्कांचे बोलणे. सासूबाईंनी जाण्यापूर्वी एका दुपारी माहेरच्या घराविषयी, विहिरीविषयी, पहिल्या दिवाळीविषयी फोनवर ११ मिनिटे बोलून ठेवले होते. त्याची एक प्रत जुन्या लॅपटॉपवर सापडली, तेव्हा घरात आनंद झाला. पण चौथ्या मिनिटानंतर आवाज फाटतो, आणि पुढे केवळ खरखर. त्या लॅपटॉपची मेमरी सदोष होती, हे पुढे कळले. नक्कल करताना फाइल बिघडली, संगणकाने चकार शब्द काढला नाही, आणि तीच बिघडलेली प्रत चांगली समजून चौघांना पाठवली गेली.

म्हणून यावेळी घरातच एक लहानसे साठवणयंत्र उभारायचे ठरले. माडीवर ठेवलेला, पडदा नसलेला, अहोरात्र चालणारा संगणक. त्यात हार्ड डिस्क, आणि घरातले सगळे फोन, पेढीचे टॅली, जुन्या चोपड्यांची छायाचित्रे त्यावर जमा. तयार पेटीही बाजारात मिळते. परंतु ती बिघडली की बनवणाऱ्या कंपनीच्या दारात उभे राहावे लागते, आणि सुटे भाग जोडले की ज्याचे त्याचे बदलता येतात, असा तिचा विचार. सुट्या भागांत मदरबोर्ड हा मुख्य. डिस्क किती लागतील, मेमरी कोणती चालेल, पुढे काय वाढवता येईल, हे सारे तोच ठरवतो.

पहिल्या आठवड्यात तिची हौस फार वाढली. आठ साटा पोर्ट हवेत, दहा गिगाबिटचे जाळे हवे, पडद्याशिवाय दुरून चालवता येणारा सर्व्हर-बोर्डही हवा. अण्णांनी वही चष्म्याजवळ नेऊन पाहिली आणि विचारले, “बाळ, माल किती आहे?”

माल मोजला तेव्हा तो दीड टेराबाइटही भरेना.

“मग एवढं मोठं गोदाम कशाला? रिकाम्या गोदामाचंही भाडं पडतं.”

चार चार टेराबाइटच्या दोन डिस्क, एकीची हुबेहूब प्रत दुसरीवर, एवढ्याने पुढची कित्येक वर्षे निघतील असे दिसले. आठ पोर्ट गळाले, चारवर भागले. दहा गिगाबिटही गळाले. साध्या एक गिगाबिटच्या जाळ्यावरून सेकंदाला ११० मेगाबाइटच्या आसपास माल जातो, आणि पाच फोन व एक टॅली यांना तेवढे पुरून उरते. प्रोसेसरच्या वेगाविषयी बाजारात जो गलबला असतो, त्याला या कामी फारसा अर्थ नाही. साठवणयंत्राचा बहुतेक दिवस वाट पाहण्यातच जातो.

खरा प्रश्न मेमरीचा निघाला. स्वस्तात स्वस्त आणि विजेला हलका असा पर्याय इंटेलच्या एन १०० प्रोसेसरसह येणाऱ्या छोट्या बोर्डांचा. १७ सेंटिमीटर लांब-रुंद, कित्येकांना पंखाही नाही. घरगुती साठवणीसाठी लोक ते आवडीने घेतात, आणि त्यांचे काही चुकत नाही. परंतु त्यावर ईसीसी मेमरी, म्हणजे स्वतःच्या चुका ओळखून सुधारणारी मेमरी, चालत नाही. ती हवी असेल तर बोर्ड वेगळा, मेमरी वेगळी, आणि खर्च जवळजवळ दुप्पट. थोरल्या चिरंजिवांचे म्हणणे स्पष्ट होते: मेमरीची अशी चूक क्वचित होते, त्यासाठी दुप्पट पैसे मोजणे हा व्यापार नव्हे. म्हणणे खोटेही नव्हते.

सूनबाईने ते अण्णांपुढे ठेवले. ईसीसी म्हणजे काय, हे समजावताना ती अडखळली, आणि मग तिला ताळा आठवला. कॅल्क्युलेटर येण्यापूर्वी पेढीवर गुणाकार तपासत तो नवाच्या ताळ्याने. ४७ गुणिले २३ बरोबर १०८१. सत्तेचाळीसच्या अंकांची बेरीज ११, म्हणजे २, तेवीसची ५, दोन पंचे दहा, म्हणजे १. उत्तराच्या अंकांची बेरीज १०, म्हणजे पुन्हा १. ताळा जमला. मेमरीत असेच असते, ती म्हणाली. दर ६४ बिटांमागे ८ बिट केवळ ताळ्याचे.

अण्णांनी लगेच खोट काढली. “पण ताळ्याला अंकांची अदलाबदल कळत नाही. १०८१ च्या जागी १८०१ लिहिलं तरी ताळा जमतोच.”

ते खरेच आहे. आमच्या-तुमच्या ताळ्याहून हा ताळा हुशार, असे तिने उत्तर दिले. एक बिट उलटला तर कोणता उलटला हे त्याला कळते आणि तो जागच्या जागी दुरुस्त करतो. दोन उलटले तर दुरुस्ती होत नाही, पण चूक झाली एवढे तो सांगतो. गप्प बसत नाही.

“आक्काच्या वेळी गप्प बसला होता तो?”

“त्या लॅपटॉपात ताळाच नव्हता, अण्णा.”

त्यानंतर दुप्पट खर्चाची चर्चा घरात पुन्हा झाली नाही.

पण बोर्ड निवडणे संपले नव्हते. इंटेलच्या बाजूने ही मेमरी चालवायची तर डब्ल्यू ६८० सारख्या महागड्या चिपसेटचा बोर्ड लागतो. एएमडीच्या रायझन घराण्यात ती काही साध्या बोर्डांवरही चालते. मात्र त्या एएम ४ पिढीतले अंगचे ग्राफिक्स असलेले प्रोसेसर घ्यायचे, तर नावात ‘प्रो’ हवे. आणि एक फसवी ओळ कित्येक माहितीपुस्तिकांत असते: ईसीसी मेमरी बसेल, पण बिगर-ईसीसी म्हणून चालेल. दिवाणजी गादीवर बसलेले आहेत, पण ताळा पाहात नाहीत, असा हा प्रकार. तिने एक बोर्ड केवळ या ओळीसाठी वहीतून खोडला. दुसरा खोडला तो निराळ्या कारणाने: त्याच्या दुसऱ्या एम.२ खाचेत काही बसवले की दोन साटा पोर्ट बंद पडत. पुस्तिकेत हे तळटीपेत होते. अडत्याच्या घरात तळटीप आधी वाचतात.

शेवटी मध्यम आकाराचा, चार पोर्टांचा, ईसीसी चालते असे निर्मात्याने स्पष्ट लिहिलेला बोर्ड ठरला. तो दोन दिवसांत आला. मेमरीच मिळेना. सांगली-कोल्हापुरात चौकशी झाली, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानानेही मागवून देतो म्हटले, आणि तीन आठवडे गेले.

जोडणी झाल्यावर तिने प्रथम वीज मोजली. पेढीवरचा जुना संगणक नुसता बसून ५८ वॉट घेई, म्हणजे वर्षाला ५०८ युनिट. हे यंत्र दोन्ही डिस्कांसह ३१ वॉटवर स्थिरावले. वर्षाचे २७२ युनिट होतात. मग बोर्डाच्या मूळ मांडणीत जाऊन वीज परत आल्यावर आपोआप सुरू होण्याची खूण चालू केली. ही बहुधा बंद असते, आणि रात्री वीज गेली की पडदा नसलेले यंत्र सकाळपर्यंत मेलेले राहते. यूपीएस होताच. तरीही अण्णांच्या देखत, डिस्कांवर काही ठेवण्याआधीच, तिने बटण बंद करून पुन्हा चालू केले. यंत्र उठले.

डिस्कांसाठी झेडएफएस ही पद्धत घेतली. ती सन मायक्रोसिस्टिम्समध्ये तयार झाली आणि २००५ मध्ये सर्वांना खुली झाली. प्रत्येक तुकड्याचा ताळा ती निराळ्या जागी लिहून ठेवते. महिन्यातून एकदा सर्व तुकडे वाचून मेळ घेते, आणि एका डिस्कवरचा तुकडा बिघडलेला आढळला तर दुसरीवरून भरून काढते. हा मेळ दर महिन्याच्या एक तारखेला पहाटे चालतो. मेमरी खरोखर ताळा पाहते आहे ना, हेही तिने यंत्राच्या नोंदींत उघडून पाहिले.

आक्कांची फाटलेली फाइल ठेवायची की नाही, असा प्रश्न निघाला. या यंत्राने ती सुधारणार नव्हती. बिघडलेलीच ती जशीच्या तशी जपणार होती. अण्णा म्हणाले, “ठेव. चार मिनिटं तर आहेत.”

पाडव्याच्या वहीपूजनानंतर पुण्याच्या वन्सं परत निघाल्या. सूनबाईने तिसरी डिस्क त्यांच्या हाती दिली. तिच्यावर सगळ्याची आणखी एक प्रत होती, आणि ती सांगलीत राहणार नव्हती. चोपड्या ज्या लाल बासनात बांधीत, त्यातले एक काढून अण्णांनी स्वतः ती त्यात गुंडाळली, गाठ मारली, आणि पिशवीत सर्वांत वर ठेवायला सांगितले.