दाखला सांगा, तात्पर्य राहू द्या

बुलढाण्याच्या घाटावर असो की घाटाखाली, तिफणीमागे चाडे धरणारी बाई मूठ अशी सोडते की दाणा तासाबाहेर जात नाही. आता ट्रॅक्टरने पेरणी होते, पण सोयाबीनच्या पिशवीचा भाव ठाऊक असलेला माणूस बियाणे वाटेवर टाकणार नाही, हे आजही खरेच. येशूच्या दाखल्यातला पेरणारा मात्र टाकतो. वाटेवर, खडकावर, काट्यांतही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नाझरीन मिशन या जिल्ह्यात आले. त्यांच्याकडून हा दाखला ऐकणाऱ्या कास्तकाराने मनात म्हटलेच असेल, हा कसला पेरणारा!

मला वाटते, प्रश्न तोच पडायला हवा. आपण मात्र घाईने जमिनीकडे वळतो आणि तू बरड की काळी, एवढेच विचारतो. गालीलात हाताने फेकून पेरीत हे खरे. तरी त्या हाताची उधळपट्टी उरतेच. मत्तय 13 मध्ये उलगडा येतो, पण तो शिष्यांपुरता. सरोवराच्या काठावरची गर्दी नुसती गोष्ट घेऊन घरी गेली.

याच मुलखातल्या मेहकर-लोणारच्या वाटा तुडवलेल्या महानुभाव पंथाच्या चक्रधरांचे दृष्टान्त त्याच पंथाच्या केसोबासांनी लावले, तेव्हा सूत्र, दृष्टान्त आणि त्याचा अर्थ लावून देणारे दार्ष्टान्तिक अशी मांडणी केली. तिथे अर्थ गोष्टीला लागूनच उभा असतो. येशू पुष्कळदा तो ठेवतच नाही. उधळ्या पुत्राचा थोरला भाऊ शेवटी घरात आला का? लूक सांगत नाही.

दाखले शिकवण सोपी करण्यासाठी असतात, हे मला पटत नाही. मार्काच्या चौथ्या अध्यायात तर येशू जवळजवळ उलटेच बोलतो. मग दाखला कशासाठी? जुन्या करारात नाथान संदेष्ट्याने दावीद राजाला गरिबाच्या एकुलत्या मेंढीची गोष्ट सांगितली. राजाने संतापून निवाडा दिला, आणि आरोपी तोच निघाला. दाखल्याचे काम हे असे: निवाडा ऐकणाऱ्याच्या तोंडून काढणे.

मत्तय 20 मधला द्राक्षमळ्याचा मालक सांजवेळी आलेल्या मजुरालाही पुरा रोज देतो. सोंगणीच्या दिवसांत हे मजुरांच्या चौकात सांगून पाहा. पहाटेपासून राबलेला चिडेल. दुपारपर्यंत कोणी न नेलेला गप्प राहील. शेतमालक म्हणेल, पैसा त्याचा, मर्जी त्याची. पण उद्या सकाळी कामाला येईल कोण? तिघेही आपापल्या जागी बरोबर आहेत, आणि तिघांनीही नकळत स्वतःबद्दलच सांगितले आहे.

म्हणून रविवारी प्रवचन करणाऱ्यांना एक विनंती. हा दाखला वाचा आणि तात्पर्य सांगू नका. आधी मंडळीला त्या मजुरीवरून भांडू द्या.