हुलग्याचे दाणे आणि रक्तपेढी

'पेढी' हा शब्द व्यापारी घरांत कुणाला समजावून सांगावा लागत नाही. आवक-जावक, शिल्लक, मुदत आणि पत म्हणजे पेढी. रक्तपेढीतही हे सारे असते. नसतो तो फक्त भाव. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६च्या निकालानंतर, १ जानेवारी १९९८ पासून, आपल्या देशात पैसे घेऊन रक्त देण्यास बंदी आली. रुग्णाकडून घेतले जाते ते तपासणीचे आणि साठवणुकीचे शुल्क. माल मात्र विलक्षण नाजूक. लाल पेशी २ ते ६ अंश तापमानात, योग्य द्रावणात ठेवल्या तर ४२ दिवस टिकतात. प्लेटलेट २० ते २४ अंशांत, सतत हलत्या ठेवाव्या लागतात आणि त्यांची मुदत अवघी पाच दिवसांची. गोठवलेला प्लाझ्मा वर्षभर राहतो. एकाच पिशवीतून निघालेल्या तीन वस्तूंच्या तीन तऱ्हा. त्या सांभाळणारे आणि कोणत्या रुग्णाला काय, किती, केव्हा द्यावे हे ठरवणारे वैद्यकशास्त्राचे एक स्वतंत्र दालन आहे, त्यात तीन वर्षांची एम.डी. पदवी मिळते, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

बार्शीच्या एका भुसार व्यापाऱ्यालाही ते ठाऊक नव्हते. पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेतल्या क्रमांकानुसार त्यांच्या मुलीला मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयात ही शाखा मिळाली. घरात पेढे वाटले गेले, पण वाटताना शाखेचे नाव कुणी फारसे घेतले नाही. "बेटा, मग तुझे पेशंट कोण?" असे वडिलांनी एकदा विचारले, तेव्हा तिलाही नीट उत्तर देता आले नाही. गावात दवाखान्याची पाटी लागावी, ही त्या घराची जुनी इच्छा होती. पहिले वर्ष संपता संपता तिने पुन्हा परीक्षेला बसण्याचा विचार पक्का केला. जागा सोडल्याचा दंड भरायचीही वडिलांची तयारी होती.

त्या पहिल्या वर्षात तिने केले काय? रविवारी शिबिरे, सोमवारी नोंदवह्या. दात्यांचे अर्ज तपासायचे, रक्तदाब पाहायचा, एचआयव्ही, दोन्ही काविळी, सिफिलिस आणि मलेरिया यांच्या तपासण्यांचे निकाल लिहून सही करायची. हे काम हलके नव्हे; शिबिर नसेल तर पेढीच नाही. पण ज्याने पाच-सहा वर्षे रुग्णाच्या उशाशी उभे राहण्याचे शिक्षण घेतले, त्याला सहीचा शिक्का करून ठेवले तर तो टिकत नाही. या शाखेतून तरुण डॉक्टर निघून जातात ते कष्टांना भिऊन, असे वडीलधारी मंडळी म्हणतात. ते खरे वाटत नाही. रात्रपाळीला न कंटाळणारी मुले, आपल्यावाचून काही अडत नाही या जाणिवेने मात्र खचतात.

तिच्या बाबतीत एका पिशवीने हे बदलले; खरे तर न जुळलेल्या पिशवीने. गर्भाशयाच्या गाठीसाठी दाखल झालेल्या एका बाईंचे रक्त तपासणीत 'ओ' गटाचे दिसत होते. दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया. 'ओ' गटाची पहिली पिशवी जुळवणीत बसली नाही. दुसरी नाही, पाचवीही नाही. "मॅडम, काहीतरी वेगळं आहे हे," तीस वर्षे त्या टेबलावर काढलेले तंत्रज्ञ म्हणाले. बाईंचा द्रव 'ए' आणि 'बी' पेशींना तर गोळा करीत होताच, 'ओ' पेशींनाही सोडत नव्हता. तेव्हा एका काटेरी युरोपीय झुडपाच्या बियांचा अर्क काढला गेला. सर्वसाधारण 'ओ' पेशी त्या अर्कात गोळा होतात. या बाईंच्या पेशी निवांत राहिल्या.

तो बॉम्बे रक्तगट होता. ए आणि बी ही दोन्ही द्रव्ये ज्या 'एच' नावाच्या पायावर उभी राहतात, तो पायाच या माणसांत नसतो, आणि शरीर त्या 'एच'विरुद्ध प्रतिपिंडे बाळगते. साधे 'ओ' रक्त दिले तर ते जिवावर बेतू शकते. १९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईतच हा गट प्रथम ओळखला आणि 'लॅन्सेट'मध्ये नोंदवला. म्हणून शहराचे नाव त्याला चिकटले. आपल्याकडे सुमारे दहा हजारांत एखाद्याचा हा गट असतो.

विभागप्रमुखांनी त्या रात्री एक साधी गोष्ट केली. त्यांनी फोन उचलला नाही. "सर्जनशी तूच बोल. वॉर्डात जा, बाईंना तूच समजावून सांग," एवढे म्हणून ते बाजूला झाले. शस्त्रक्रिया पुढे ढकला हे सांगण्याचा अधिकार आपल्याला आहे, हे त्या मुलीला त्या रात्री प्रथम कळले. बाईंच्या भावंडांचे रक्त तपासा, असे तिनेच सुचवले, कारण हा गट वारशाने येतो. एक भाऊ जुळला. दुसरा दाता नोंदणीच्या यादीतून मिळाला. तो रात्रभर प्रवास करून आला. आठवड्याभराने शस्त्रक्रिया पार पडली. तोवर परीक्षेचा अर्ज भरण्याची मुदत उलटून गेली होती. तो आपण भरला नाही, हे तिने घरी बऱ्याच उशिरा सांगितले.

वडील रागावले नाहीत, पण त्यांना त्या हकीकतीतले वेगळेच काही लागले. "बियांनी रक्त ओळखतात?" त्यांनी विचारले. मग तिने सांगितले, की 'ए' गटाचे ए-वन आणि ए-टू असे पोटप्रकार असतात, आणि ते वेगळे करणारा अर्क हुलग्याच्या दाण्यांपासून निघतो. दाणे दळून मिठाच्या पाण्यात भिजवतात आणि गाळून विरळ करतात. भारतात काम करणाऱ्या जी. डब्ल्यू. जी. बर्ड यांनी १९५१च्या सुमारास हुलग्याचा हा गुण दाखवून दिला. ज्या धान्याची पोती तीन पिढ्या वजन करून विकली, ज्याचे माडगे आजारी माणसाला पाजले, त्याला रक्तातला इतका बारीक भेद कळतो, हे ऐकून ते बराच वेळ गप्प बसले. पेशंट कोण, हा प्रश्न त्यांनी त्यानंतर विचारला नाही.

प्रमुखांनी पुढे तिला मोकळे सोडले नाही, ही त्याहून मोठी गोष्ट. एखादा प्रसंग माणसाला उभारी देतो. टिकवून ठेवते ते रोजचे काम. दर आठवड्याला एक रुग्ण घेऊन चर्चा होई. अनावश्यक वाटणाऱ्या मागण्यांवर तिने स्वतः संबंधित डॉक्टरांशी बोलावे, असा दंडक होता. शस्त्रक्रियेला अवकाश असलेल्या एका रुग्णाला दोन पिशव्यांऐवजी शिरेतून लोह द्यावे, हे तिने एका ज्येष्ठ डॉक्टरांना पटवले. ते आधी चिडले, मग त्यांनीच पुढच्या रुग्णासाठी तिला फोन केला. आता ती नव्याने आलेल्या विद्यार्थ्यांना पहिल्याच आठवड्यात वॉर्डात नेते. नोंदवही नंतर.

बार्शीत समाजाचे शिबिर वर्षातून एकदा, मोठ्या थाटात होत असे. एका दिवसात शेकडो पिशव्या, फलक, सत्कार. "पप्पा, सगळी तूर एकाच दिवशी यार्डात आली तर काय होतं?" असे तिने विचारल्यावर व्यापाऱ्याला अधिक सांगावे लागले नाही. पुरुष ९० दिवसांनी आणि स्त्रिया १२० दिवसांनी पुन्हा रक्त देऊ शकतात, तर वर्षातून एकदाच का? समितीत वाद झाला. छोट्या शिबिराला पाहुणे कोण येणार, अशी शंका निघाली. तरीही, महाविद्यालये बंद असतात आणि रक्ताचा तुटवडा पडतो त्या मे महिन्यात, पाहुण्यांविना एक शिबिर झाले. नोंदणीच्या टेबलावर वडील स्वतः बसले होते. हिमोग्लोबिन १२.५ पेक्षा कमी भरल्याने ज्या मुलींना परत पाठवावे लागले, त्यांची नावे त्यांनी एका वेगळ्या कागदावर लिहून घेतली. त्यांना नुसते परत पाठवू नका, डॉक्टरांना दाखवा, असे लेकीने बजावले होते.