होडीची रुंदी

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत तलाव, दलदली व संथ नद्या यांत मासे धरण्याकरितां एक साधी होडी फार वापरतात. तिचा तळ सपाट असतो व पुढचें टोंकही निमुळतें नसून बहुधा चौकोनी असतें. पूर्वीं ती लाकडाची करीत. आतां बहुतेक अॅल्युमिनियमच्या पत्र्याची असते. तिला तिकडे 'जॉन बोट' म्हणतात. आमच्या हाताखालीं गणित शिकून गेलेला एक विद्यार्थी सध्यां मिसुरी संस्थानांत असतो. त्यानें गेल्या वर्षीं आम्हांस पत्रानें विचारिलें, "सर, दुकानांत चौदा फूट लांबीच्या दोन होड्या आहेत. एक ३६ इंची, दुसरी ४८ इंची. पहिली स्वस्त आणि हलकी आहे. उन्हाळ्यांत बाबा येथें येणार, त्यांना घेऊन आम्हां दोघांना तलावावर जावयाचें आहे. कोणती घेऊं?" त्याचे वडील आमच्या परिचयाचे. वय सत्तरीच्या पुढें, गुडघे अधू, पोहतां मुळींच येत नाहीं, आणि स्वस्थ बसणें त्यांच्या स्वभावांत नाहीं. तेव्हां प्रश्न केवळ किंमतीचा नव्हता.

ह्या होड्यांचें माप चार आंकडी संख्येनें सांगण्याची तिकडे वहिवाट आहे. १४३६ म्हणजे लांबी १४ फूट व रुंदी ३६ इंच; १४४८ म्हणजे लांबी तितकीच, रुंदी ४८ इंच. हें माप तळाचें असतें, वरच्या काठाचें नव्हे. बाजू बाहेर कललेल्या असल्यामुळें वरची रुंदी बरीच अधिक भरते, आणि ती पाहून गिऱ्हाइकाची समजूत चुकण्याचा संभव असतो. तीन माणसें, सामान व खुद्द होडी मिळून ८०० पौंड भार धरिला, आणि पाण्यास टेकणारा तळ १२ फूट लांब धरिला, तर ३६ इंची होडी सुमारें सव्वाचार इंच बुडेल व ४८ इंची सुमारें सव्वातीन इंच. म्हणजे पाण्याशीं गांठ पडते ती तळाच्या रुंदीचीच.

माणूस एका बाजूस सरकला कीं होडी कलते. त्या बाजूस पाचरीच्या आकाराचा एक भाग अधिक बुडतो व दुसऱ्या बाजूस तसाच भाग वर येतो. बुडालेल्या पाचरीस पाणी वर ढकलतें, आणि तेंच होडीस पुन्हां सरळ करूं पाहतें. आतां कल तोच ठेवून होडीची रुंदी दुप्पट केली, तर पाचरीची रुंदी दुप्पट, जाडी दुप्पट, आणि होडीच्या मध्यापासून तिचें अंतरही दुप्पट. दोन दुणे चार, चार दुणे आठ. लांबी दुप्पट केल्यानें मात्र जोर दुप्पटच होतो. ३६ व ४८ यांचें प्रमाण ३ : ४, त्यांचे घन २७ व ६४. एका फुटाच्या वाढीनें होडीचा सरळ होण्याचा जोर सव्वादोन पटींहून अधिक झाला! त्याऐवजीं ३६ इंची होडीच चौदाची सोळा फूट लांब घेतली असती, तर जोर अवघ्या सातव्या हिश्शानें वाढता.

उत्तर धाडण्यापूर्वीं आम्हीं नववीच्या मुलांकडून सारख्या लांबीच्या दोन पत्र्याच्या पेट्या करविल्या, एक नऊ इंच रुंद व दुसरी बारा इंच, आणि त्या शाळेच्या हौदांत सोडल्या. दोहोंत मधोमध सारखें वजन ठेविलें, व मग एका काठावर शिशाचे सारखे तुकडे मांडीत गेलों. तीन तुकड्यांनीं अरुंद पेटी जितकी कलली, तितका कल रुंद पेटींत यावयास पांच तुकडे लागले. "सर, घनाच्या हिशेबानें सात लागावयास पाहिजेत," असें एक मुलगा लागलीच म्हणाला. असा विद्यार्थी वर्गांत असणें हें शिक्षकाचें भाग्य. त्यास उत्तर त्याच्याच शेजाऱ्यानें दिलें. रुंद पेटीचा काठही मध्यापासून अधिक दूर आहे, म्हणून त्यावर ठेविलेला तुकडा पेटीस अधिक जोरानें कलवितो. माणूस काठाशींच जाऊन बसला, तर नफा घनाचा न राहतां वर्गाचा राहतो, ९ ला १६, म्हणजे पावणेदोन पट. मध्याजवळ पूर्वींच्याच जागीं बसला तर पुरा नफा मिळतो.

आपल्या कोकणांतील अरुंद होडी ह्याच गणितावर तरते. तिच्या एका बाजूस दूर उलांडी बांधलेली असते, आणि पाण्यास ती होडी जणूं उलांडीपर्यंत रुंद वाटते.

आम्हीं ४८ इंची घेण्यास लिहिलें, पण आधीं पाटी वाच असेंही बजाविलें. तिकडील कायद्यानें १९७२ पासून वीस फुटांहून लहान अशा मोटारीच्या होडीवर पाटी असावी लागते. किती माणसें, किती वजन, किती अश्वशक्तीचें यंत्र, हें तीवर लिहिलेलें असतें. त्यांतही माणसांच्या संख्येपेक्षां पौंडांचा आंकडा पाहावा, कारण सर्व माणसें सारख्या वजनाचीं नसतात. शिवाय रुंदीचा भरंवसा संथ पाण्यापुरताच. सपाट तळाची होडी लाटेच्या उतारास चिकटून कलते, आणि मोठा वारा सुटला कीं तिचे बुटके काठ पाणी आंत घेऊं शकतात. वडिलांस तरंगतें जाकीट घालून मधल्या बाकावर बसविण्याचें ठरलें. पहिला मोठा मासा गळास लागतांच ते अर्थातच उठून उभे राहिले. होडी कलली, पण काठ पाण्यापासून वीतभर वरच राहिला, असें चिरंजीवांनीं कळविलें.

तरी जितकी रुंद तितकी बरी, असें मात्र कोणीं समजूं नये. रुंद होडी जड असते, मोटारीच्या टपावर चढत नाहीं, एकट्यानें वल्हवितां नाकीं नऊ येतात. मिसुरी व आर्कन्सॉ ह्या संस्थानांत पसरलेल्या ओझार्क ह्या डोंगराळ मुलुखांत व्हाइट नदी व तिला मिळणारी जेम्स नदी यांवरील जुन्या लाकडी जॉन बोटी लांबलचक व अरुंदच असत. प्रवाहाबरोबर मासे धरीत खालीं जावयाचें, उथळ धारेंतून, खडकांमधून होडी वळवावयाची. तेथें रुंदी ही अडचणच होती. पुढें व्हाइट नदीवर १९५१ मध्यें बुल शोल्स व १९५८ मध्यें टेबल रॉक हीं धरणें पुरीं झालीं, आणि वाहत्या पाण्याच्या जागीं मोठे जलाशय पसरले. आमच्या विद्यार्थ्याचा तलाव अशाच एका धरणामागचा आहे. त्याच मुलुखांतील करंट नदी मात्र अद्याप मोकळी वाहते. १९६४ मध्यें सरकारनें कायदा करून ती राष्ट्रीय संरक्षणाखालीं घेतली. तेथें एकट्यानें जावयाचें असल्यास ३६ इंची होडी भाड्यानें घे, असें आम्हीं त्यास लिहिलें आहे. वडिलांस मात्र तींत नेऊं नये.