बिनतुपाची नानकटाई

रमजान ईदच्या दस्तरखानावर पहिला मान शीरखुर्म्याचा. पण मेहमान परत निघाला की पुडीत बांधून त्याच्या घरी जाते ती नानकटाई. आमच्या लहानपणी शेवटच्या रोजांमध्ये मोहल्ल्यातल्या बायका मळलेल्या पिठाचे डबे घेऊन बेकरीत जायच्या. बेकरीवाला पत्रे द्यायचा आणि किलोमागे भाजणावळ घ्यायचा. दिवाळीआधी त्याच भट्टीसमोर हिंदू शेजारणींचे डबे रांगेत असायचे.

गेल्या रमजानमध्ये पुण्यात शिकणारी भाची म्हणाली, ‘‘खाला, मी आता व्हीगन आहे. दूध, तूप, अंडं, मध, काही चालत नाही.’’

अम्मी गप्प झाली. मग म्हणाली, ‘‘तूप सोडायला आधी ते परवडावं लागतं.’’

हे बोलणं नुसत्या रागाचं नव्हतं. अब्बांच्या पगारात साजूक तूप बसत नसे. घरी डालड्याचा डबा यायचा. मैदा, बेसन, रवा, पिठीसाखर, वेलदोडे आणि डालडा, एवढ्यावर आमची ईद व्हायची. ज्या वर्षी अम्मीने पहिल्यांदा तुपाची नानकटाई केली, त्या वर्षी तिने ती शेजारीपाजारी जरा जास्तच वाटली होती. गंमत अशी की ‘व्हीगन’ हा शब्द इंग्लंडमध्ये १९४४ साली तयार झाला, आणि आमची गरिबीतली नानकटाई तो न ऐकताच त्यात बसत होती.

नात्यातल्या एका बुजुर्गांनी विचारलं, ‘‘अल्लाहने हलाल केलेलं आपण हराम कसं करायचं?’’ प्रश्न रास्त आहे. पण एखादी गोष्ट न खाणं वेगळं आणि तिला हराम ठरवणं वेगळं. भाचीने आमच्या ताटातल्या कशालाही हराम म्हटलं नव्हतं. आणि मेहमानाला खाता येईल असं काही समोर ठेवणं, हीसुद्धा आपलीच रीत आहे.

डालडा मला पुन्हा आणायचा नव्हता. वनस्पती तुपातली ट्रान्स फॅट हृदयाला घातक असते. २०२२ पासून तेला-तुपांत तिची मर्यादा दोन टक्क्यांवर आणली आहे, ती उगाच नाही. म्हणून खाण्याचं खोबरेल तेल घेतलं. ते साधारण २४ अंशांवर वितळतं, त्यामुळे आपल्या उन्हाळ्यात पीठ सैल पडतं आणि नानकटाई पत्र्यावर पसरते. उपाय सोपा आहे: तेल फ्रिजमध्ये ठेवून लोण्यासारखं घट्ट करायचं, पिठीसाखरेबरोबर फेसायचं आणि गोळे वळून वीस मिनिटं पुन्हा गार करायचे. दोन वाट्या मैद्याला पाव वाटी बेसन, दोन चमचे रवा, एक वाटी पिठीसाखर, चिमूटभर सोडा आणि मीठ. तेल पाऊण वाटीपासून सुरू करून गोळा वळेल इतकंच वाढवायचं. बेसन आधी कोरडं भाजलं की तुपाची उणीव बरीच भरून निघते.

अम्मीने एक तोंडात टाकली. ‘‘खुसखुशीत आहे. पण खोबऱ्याचा वास येतो.’’ दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या.

शीरखुर्म्यावर मात्र ती अडून बसली. फारसीत शीर म्हणजे दूध. आपल्या ‘क्षीर’चाच तो भाऊबंद. नाव घेतलं की दूध आलंच. शेवटी निकाल तिनेच दिला: ‘‘तिच्यासाठी नारळाच्या दुधात शेवया कर, खजूर घाल, चारोळी घाल. फक्त त्याला शीरखुर्मा म्हणू नका.’’

भाचीने ते लगेच कबूल केलं. आता आमच्या ईदला नानकटाईचे दोन डबे असतात, एक तुपाचा आणि एक तेलाचा. तुपाच्या डब्याला अम्मी अजूनही स्वतःच्या हाताने झाकण लावते.